दुसरे प्रमाणपत्र
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. ‘जरा कुशीवर व्हा’, ‘गोळी घेतलीत का?’ एवढेच बोलण्यात माझी नोकरीची वर्षे गेली. पण चिटणीसबाईंचा आग्रह पडला की, संसार आणि नोकरी असताना चाळिशीच्या उंबरठ्यावर मी पुन्हा पाटी-पुस्तक का हाती घेतले ते सांगावे. ह्या कामी मंडळाचे माझ्यावर ऋण आहे, म्हणून उभी राहिले आहे.

आम्हा नर्सबाईंची नोंदणी दुहेरी असते. एक परिचारिका म्हणून, दुसरी प्रसविका म्हणून. शिकताना दोन्ही विद्या शिकवितात. मला मात्र नोकरी लागली ती शस्त्रक्रियेच्या वॉर्डात, आणि चौदा वर्षे मी तेथेच राहिले. जखमा धुणे, सलाईन लावणे, शुद्धीवर येणाऱ्या माणसाच्या उशाशी बसणे, ह्यांत हात चांगला बसला. त्या चौदा वर्षांत बाळंतपण एकही केले नाही. कागदावर मी प्रसविका होते, हाताने नव्हते. कोणी विचारीत नव्हते, म्हणून मीही स्वतःला कधी विचारले नाही.

विचारले ते २२ जुलै २०२१ च्या रात्रीने. ती रात्र येथे कोणाला सांगायला नको. सावित्रीचे पाणी महाडात शिरले होते, तळियेवर दरड कोसळली होती. आपल्याच तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडी येथे माणसे गाडली गेली. मी त्या दिवशी सासरच्या वाडीवर होते. शेजारच्या घरी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस भरायला अजून अवकाश होता, पण रात्री कळा सुरू झाल्या. खाली येण्याची वाट मातीने बंद, वीज नाही, फोन नाही. तिची आई पावसात धावत आली नि म्हणाली, “सिस्टर घरात आहेत, देवच पावला!”

बायांनो, त्या वाक्याने माझ्या पोटात गोळा आला.

वाडीवर एक म्हातारी सुईण होत्या. त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या आणि मी त्यांच्या हातांकडे! मूल झाले, रडलेही. वार पडली. मग अंगावर जाऊ लागले. मी पाहत होते, आणि ‘एवढे जायचेच’ असे मनाशी म्हणत होते. आजीच म्हणाल्या, “सिस्टर, हे जास्त आहे हो.” मग मला जाग आली. पोटावरून गर्भाशय चोळले, मूल अंगावर लावले. रक्त थांबविणारे औषध जवळ नव्हते. उजाडताच गावच्या मुलांनी डोली केली आणि चिखलातून तिला खाली गाडीपर्यंत आणले. माय-लेक वाचली. घरोघर माझे नाव झाले. खरे तर ते नाव आजींचे होते.

पुढे कित्येक रात्री मला एकच प्रश्न छळीत राहिला. वॉर्डात जखमेतून चार थेंब जास्त आले तर माझ्या ध्यानात येते, मग तेथे का आले नाही? तेव्हाच ठरविले, की दुसरी विद्या नुसती कागदावर ठेवायची नाही.

तशी सोय आपल्या देशात झाली होती. २०१८ साली केंद्र सरकारने प्रसविका सेवांची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत नोंदणी झालेल्या नर्सने अठरा महिने वेगळे शिक्षण घेऊन ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ व्हावे, अशी योजना आहे. नर्स प्रॅक्टिशनर ही कल्पना मूळची अमेरिकेतली. १९६५ साली कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड ह्या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर ह्या डॉक्टरांनी तिचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. तिकडे एका शाखेची परीक्षा दिलेल्या बाईला दुसऱ्या शाखेत काम करावयाचे तर पुन्हा शिकून नवे प्रमाणपत्र घ्यावे लागते. जुना अनुभव कितीही असो. पूर्वी मला हा जाच वाटला असता. त्या रात्रीनंतर वाटेनासा झाला.

घरी काय झाले असेल ते तुम्ही जाणता. सासूबाई म्हणाल्या, “घरात शिकणारी दोन पोरे आहेत, तिसरे कशाला?” पगारात एक रुपया वाढणार नव्हता. वर अठरा महिने घरापासून दूर राहणे! तेव्हा ह्याच मंडळातल्या भगिनी उभ्या राहिल्या. कोणी मुलांचा अभ्यास घेतला, कोणी सासूबाईंना औषधाला नेले, आणि दर गुरुवारी कोणाच्या ना कोणाच्या घरून डबा गेला. १९०९ साली रमाबाई रानडे ह्यांनी पुण्यात सेवासदन काढले, तेव्हा घरच्या बाईने नर्स व्हावे हेच लोकांना विपरीत वाटे. आज पोलादपुरात शेजारणी म्हणतात, “तू जा, आम्ही आहोत.” हे थोडे नव्हे.

तेथे मी काय शिकले? पहिले म्हणजे थांबणे. वॉर्डात घाई हा गुण. प्रसूतीच्या खोलीत तोच पुष्कळदा दोष ठरतो. सगळे नीट चालले असेल तर बाईला हिंडू द्यावे, बसू द्यावे, तिच्या माणसाला जवळ राहू द्यावे, आणि आपण तक्त्यावर नोंद करीत लक्ष ठेवावे. माझे हात सारखे पुढे जात. शिकविणाऱ्या बाई म्हणत, “हात मागे बांधून उभ्या राहा.”

दुसरे, मोजणे. बाळंतपणानंतर अर्धा लिटरच्या वर रक्त गेले की तो धोका, आणि डोळ्यांचा अंदाज बहुधा कमीच निघतो. म्हणून भिजलेली फडकी तोलतात. कोरड्याचे वजन वजा केले की एक ग्रॅम म्हणजे सुमारे एक मिलिलिटर. मूल जन्मताच मिनिटाभरात आईला ऑक्सिटोसिनची दहा युनिटे टोचतात, ती हा धोका टाळण्यासाठीच. हे शिकताना वाडीवरची ती रात्र डोळ्यांपुढे उभी राहिली आणि वहीवर पाणी पडले.

तिसरे, आपली हद्द ओळखणे. शस्त्रक्रिया मी करू शकत नाही, करणारही नाही. पण कोणत्या बाईला डॉक्टरांकडे कधी पाठवायचे, हे वेळेवर कळले तर निम्मे काम झाले.

जुनी विद्या वाया गेली असेही नाही. बाळंतिणीला ताप आला, नाडी धावू लागली, की वॉर्डातला माझा डोळा आधी सावध होतो.

परत आल्यावर काय झाले, तेही सांगते. वरून हुकूम आला आणि पुन्हा जुन्याच वॉर्डात नेमणूक झाली! सात महिने अर्ज करीत राहिले. आता प्रसूतिकक्षात आहे. २०२३ च्या नव्या केंद्रीय कायद्याच्या नावात परिचर्या आणि प्रसविका हे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत. ते नेमणुकीच्या हुकमातही शेजारी यावेत, एवढीच माझी मागणी आहे.

आता मंडळाकडे दोन मागणी मागते. आपल्यापैकी पुष्कळ घरांत नर्सिंग शिकलेल्या लेकी-सुना आहेत. त्यांतली एखादी पुढे शिकू म्हणाली, तर माझ्यासाठी केलेत तेच तिच्यासाठी करा. आणि जिची लेक पावसाळ्यात बाळंतपणाला वाडीवर येणार असेल, तिने लेकीचा रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. रक्तदाब १४०/९० किंवा वर, अथवा हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल, तर दवाखान्याचा सल्ला चुकवू नये. दिवस भरत आले की तिला खाली गावात नातलगांकडे आणून ठेवावे. दरड सांगून कोसळत नाही.

त्या रात्री जन्मलेली मुलगी आता अंगणवाडीत जाते. मला पाहिले की हाक मारते, “सिस्टरआजी!” आजी म्हणण्याइतके माझे वय नाही; पण खऱ्या आजी गेल्या वर्षी वारल्या, तेव्हा ती हाक मी त्यांच्या वतीने घेते.