परक्या मुलखातला सण

महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत वैनगंगेचे स्नान होते, दर्शन होते, दिवसभर उपास असतो. तो सोडताना भोवती घरची माणसे असतात. ती नसली तर?

पोलंडचा चित्रकार यात्सेक मालचेव्स्की याने १८९२ साली असाच एक उपास रंगवला. चित्राचे नाव 'सायबेरियातील नाताळची पूर्वसंध्या'. त्या दिवशी पोलिश घरांत मांस शिजत नाही. आपण चतुर्थीला चंद्राची वाट पाहतो ना, तशी तिथली पोरे पहिल्या चांदणीची पाहतात. मग पिठाची एक पातळ पापडी सगळे एकमेकांच्या हातून मोडून घेतात आणि जेवायला बसतात. अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक जागा रिकामी ठेवलेली असते.

चित्रात मात्र सणाचा थाट नाही. टेबलावर पांढरे कापड, भोवती थकलेले पुरुष. कुणी कुणाशी बोलत नाही. टेबलावर समोवार, म्हणजे चहाचे पाणी उकळण्याचे रशियन भांडे. सण आपला, भांडे राज्यकर्त्याच्या मुलखाचे! मालचेव्स्कीला प्रतीकवादी म्हणतात ते काय, हे एवढ्यावरून कळावे.

१७९५ पर्यंत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने पोलंड पुरता वाटून घेतला. नकाशावर देशच उरला नाही. १८६३ च्या उठावानंतर झारने हजारोंना सायबेरियात धाडले. मालचेव्स्की तेव्हा नऊ वर्षांचा. तो स्वतः हद्दपार झाला नव्हता, पण त्या रिकाम्या झालेल्या घरांमध्येच तो वाढला.

१९४० साली तेच पुन्हा घडले. सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडातली कुटुंबेच्या कुटुंबे उचलून सायबेरियात, कझाकस्तानात नेली. तिथून सुटलेल्यांपैकी सुमारे पाच हजार जण, बहुतेक बायका नि मुले, इराणमार्गे आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला आले. १९४३ ते १९४८ त्यांचा मुक्काम तिथल्या बराकींत होता, नाताळही तिथेच. युद्ध संपले, पण पुष्कळांची गावे सोव्हिएत हद्दीत गेली, परतायचे कुठे? ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीत घर सुटलेले सिंधी आले. आज ते गांधीनगर.

आणि कोल्हापूर तरी कशाला? १९६० नंतर पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे आपल्या चामोर्शी-मुलचेरा भागातच वसवली गेली. गुरुजी, हे चित्र वर्गात दाखवाल तेव्हा त्या घरच्या मुलांना दुर्गापूजेच्या खिचडीविषयी विचारा. आजीने ती या जंगलात पहिल्यांदा कशी शिजवली, पंगतीला कोण कोण होते, हे एखाद्याने घरी ऐकलेले असेल.