चिठ्ठी डॉक्टरांची, माप सिस्टरचे

(संस्थेच्या वार्षिक समारंभात एका शिक्षकाने केलेले भाषण)



आज मी परीक्षेच्या निकालाविषयी बोलणार नाही. ज्या दुखण्याचे नाव घ्यायलाही आपण लाजतो, त्याविषयी बोलणार आहे.

माझ्या नात्यातील एका मामूंच्या आतड्याचे ऑपरेशन मुंबईत झाले. आतड्याचे तोंड पोटावर काढावे लागले. त्याला स्टोमा म्हणतात. त्यावर चिकटवायची पिशवी चिठ्ठीवर लिहून मिळाली आणि मामू शहापूरला परत आले. उन्हाळ्यात घामाने पिशवी सुटू लागली. दिवसातून दोनदा बदलावी लागे. भोवतालची कातडी सोलवटली. ज्यांची जमातीची नमाज कधी चुकली नव्हती, ते मामू मशिदीची पायरी चढेनात. "कपडे खराब झाले तर?" एवढेच म्हणत.

शेवटी या कामाचे खास शिक्षण घेतलेल्या एका सिस्टरकडे आम्ही त्यांना नेले. तिने आधी माप घेतले. ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो. सहा ते आठ आठवड्यांत तो आकसतो. मामू मात्र पहिल्याच मापाने भोक कापत होते. मोकळ्या राहिलेल्या जागेत मळ साचून कातडी जळत होती. तिने स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे भोक कापायला शिकवले. मग मामूंना उभे केले, बसवले, वाकवले. रुकू आणि सजद्यात पोटाला घडी कुठे पडते, पायजम्याची नाडी कुठे येते, तेही पाहिले. पिशवीचा प्रकार बदलून घेण्यासाठी डॉक्टरांना लिहून दिले. त्यानंतर एक पिशवी तीन-चार दिवस टिकू लागली. खर्च घटला आणि मामू जुम्म्याच्या सफीत पुन्हा उभे राहिले. (वुजूचा मसला आलिमांना विचारावा, आजाऱ्याला शरियतने सवलत दिलेली आहे.)

मित्रांनो, शस्त्रक्रिया उत्तमच झाली होती. उणीव मापाची होती. पातळ मळासाठी खालून रिकामी करता येणारी पिशवी लागते, लघवीसाठी तोटीची लागते. चिठ्ठीवर नुसते "पिशवी" लिहून भागत नाही.

या विद्येचा इतिहासही सेवेचाच आहे. डेन्मार्कमधील एलिझे सोरेनसेन या परिचारिकेने १९५४ साली आपल्या बहिणीचे हाल पाहून चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना मांडली. अमेरिकेतील नॉर्मा गिल या बाई स्वतः स्टोमाच्या रुग्ण होत्या. क्लीव्हलँडच्या रुग्णालयात डॉ. रूपर्ट टर्नबुल यांच्याबरोबर १९५८ पासून त्या इतर रुग्णांना धीर देऊ लागल्या आणि पुढे तेथे याचे रीतसर शिक्षण सुरू झाले. आपल्या मुंबईत १९७५ साली ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही रुग्णांची संस्था निघाली. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने परिचारिकांना या विषयाचे शिक्षण दिले आहे. इंग्लंडमध्ये तर अशा खास पात्रतेच्या परिचारिका स्वतः चिठ्ठी लिहू शकतात आणि जुन्या चिठ्ठ्या तपासून नको असलेल्या वस्तू कमी करतात. आपल्याकडे चिठ्ठी डॉक्टरच लिहोत. पण तीत सिस्टरचे माप उतरले पाहिजे.

आता आपल्या तालुक्यांकडे पाहा. मुरबाडला रेल्वे नाही, रुग्ण एस.टी.ने कल्याण गाठतो, मग लोकल. शहापूरचा माणूस आसनगावला जाऊन गाडी धरतो. पोट धरून एवढा प्रवास, तोही मापासाठी! भातसा-तानसाचे पाणी मुंबईला जाते आणि आपल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. अशा घरात पिशवी धुवायला पाणी किती मिळते, हे इथे वाढलेल्या मुलीलाच उमजेल.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मुलीने नर्सिंगचे नाव काढले तर कपाळाला आठ्या घालू नका. हजरत रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत खंदकाच्या लढाईतील जखमींची शुश्रूषा होत असे, हे आपण विसरलो काय? बारावीनंतर जी.एन.एम. करता येते. बी.एस्सी. नर्सिंगसाठी भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे, म्हणून अकरावीचा फॉर्म भरतानाच विचार करा. मुलांनाही हे दार खुले आहे.

मामूंना मशिदीत परत आणणारी सिस्टर कुणाची तरी लेक होती. पुढची सिस्टर आपल्या शाळेची असावी, एवढीच दुआ. खुदा हाफिज.