दोन लेखण्यांचा धनी : जिन योंग



कोणत्याही ग्रंथालयाच्या देवघेव विभागात दोन प्रकारची पुस्तके आढळतात. काहींचा लौकिक मोठा असतो, पण ती कपाटाबाहेर क्वचितच येतात. काहींची बांधणी मात्र पुन्हा पुन्हा करून घ्यावी लागते. या दुसऱ्या प्रकाराकडे विद्वानांनी किंचित तुच्छतेने पाहावे, अशी रीत अनेक भाषांत रूढ आहे. दैनिकाचा खप वाढावा म्हणून रोज हप्त्याहप्त्याने लिहिलेल्या कादंबरीला वाङ्मय म्हणावे काय, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो. विसाव्या शतकातील एका चिनी लेखकाच्या कारकिर्दीने या प्रश्नाला जे उत्तर दिले, ते कोणत्याही भाषेच्या वाचकाने लक्षात घ्यावे असे आहे. त्या लेखकाचे नाव जिन योंग.

त्यांचे मूळ नाव चा लियांगयोंग. १९२४ साली झेजियांग प्रांतातील हाइनिंग येथे एका विद्यासंपन्न घराण्यात त्यांचा जन्म झाला. लेखणीची किंमत मोजणे या घराण्याला नवे नव्हते. पूर्वज चा सितिंग हे मोठे राज्याधिकारी. पण १७२६ साली त्यांनी काढलेले परीक्षेतील प्रश्न आणि रोजनिशीतील मजकूर राजद्रोही ठरवून सम्राट योंगचेंगने त्यांना कैदेत टाकले आणि कैदेतच त्यांचा अंत झाला. त्यांचे बंधू, प्रसिद्ध कवी चा शेनशिंग, यांनाही तुरुंगवास घडला. लियांगयोंग यांनी शाळेत असताना, १९४१ साली, शिस्त सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची टर उडवणारा लेख लिहिला आणि त्याबद्दल त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. जपानी आक्रमणाच्या त्या धामधुमीत त्यांचे शिक्षण गावोगावी विस्कळीतपणे झाले. पुढे त्यांनी शांघायला कायद्याचा अभ्यास केला, १९४७ साली ‘ता कुंग पाओ’ या दैनिकात नोकरी धरली आणि पुढच्याच वर्षी त्या पत्राच्या कामासाठी ते हाँगकाँगला गेले. ते बेट हीच मग त्यांची कर्मभूमी ठरली. मागे चीनमध्ये सत्तांतर झाले आणि १९५१ साली जमीनदार व प्रतिक्रांतिकारक ठरवून त्यांच्या वडिलांना देहदंड देण्यात आला. ती शिक्षा अन्यायाची होती, हे सरकारने मान्य केले ते १९८०च्या दशकात.

कादंबरीलेखनाकडे ते वळले ते मात्र एका योगायोगाने. १९५४च्या जानेवारीत मकाव येथे दोन युद्धकलागुरूंचा जाहीर सामना झाला. सामना काही मिनिटांतच आटोपला, पण हाँगकाँगभर त्याचीच चर्चा चालू राहिली. ती संधी साधून ‘न्यू ईव्हनिंग पोस्ट’ने लगोलग एक ‘वुशिया’ कादंबरी क्रमशः सुरू केली. ‘वु’ म्हणजे शस्त्रविद्या आणि ‘शिया’ म्हणजे दुर्बलांसाठी जीव धोक्यात घालणारा वीर. ती कादंबरी सहकारी लियांग युशेंग यांची होती; १९५५ साली पाळी चा यांच्यावर आली. आपल्या नावातले शेवटचे अक्षर मधोमध तोडून त्याचे त्यांनी दोन भाग केले. तेच ‘जिन योंग’ हे टोपणनाव. पहिली कादंबरी ‘पुस्तक आणि तलवार’ याच नावाने प्रसिद्ध झाली. १९५७ साली सुरू झालेल्या ‘गरुडवेधी वीरांची कथा’ या कादंबरीने त्यांचे नाव घरोघरी पोचवले.

२० मे १९५९ रोजी शाळासोबती शेन बाओशिन यांच्या भागीदारीत त्यांनी स्वतःचे ‘मिंग पाओ’ हे दैनिक काढले. भांडवल थोडे, माणसे थोडी. पहिल्याच अंकापासून त्यात जिन योंग यांची नवी कादंबरी सुरू झाली आणि तिच्या ओढीने वाचक अंक विकत घेऊ लागले. मराठी वाचकाला येथे हरिभाऊ आपटे आणि त्यांचे ‘करमणूक’ आठवेल. नियतकालिक व कादंबरी यांनी एकमेकांना हात देण्याची ती परंपरा आपल्यालाही अनोळखी नाही. जिन योंग यांच्या बाबतीत विशेष असा की, एकच माणूस रोज दोन लेखण्या चालवीत होता. एका लेखणीने तो कथेचा सुमारे हजार अक्षरांचा हप्ता लिही. दुसरीने त्याच पत्राचा अग्रलेख.

तो अग्रलेख मिळमिळीत नव्हता. परराष्ट्रमंत्री चेन यी यांनी १९६३ साली, विजारी गहाण टाकाव्या लागल्या तरी चीन अणुबाँब तयार करील, अशा अर्थाचे उद्गार काढले. लोकांना आधी विजारी द्याव्यात, बाँब नको, असे ‘मिंग पाओ’ने सडेतोडपणे लिहिले. हाँगकाँगमधील डावी वृत्तपत्रे, म्हणजे चा यांचे जुने सहकारीच, त्यांच्यावर तुटून पडले. त्याआधी १९६२ साली चीनमधून निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हा त्यांची दैना याच पत्राने ठळकपणे मांडली होती. १९६६ पासून सांस्कृतिक क्रांतीवर त्यांनी सातत्याने टीका केली. १९६७च्या दंगलीत त्यांच्या जिवालाच धोका निर्माण झाला आणि काही काळ त्यांना हाँगकाँगबाहेर राहावे लागले. सरकारची वा पक्षाची मदत न घेता हे पत्र उभे राहिले, याचे मोठे श्रेय त्या ‘हलक्याफुलक्या’ कादंबऱ्यांनी मिळवून दिलेल्या वाचकवर्गाला द्यावे लागते.

उलट, अग्रलेखासाठी चाललेल्या रोजच्या विचाराने कादंबरीही प्रगल्भ होत गेली. आरंभीचा नायक गुओ जिंग साधा, सरळ आणि देशासाठी प्राण वेचणारा आहे. १९६३ साली सुरू झालेल्या कादंबरीच्या शीर्षकात बौद्ध ग्रंथांतील आठ योनींचा निर्देश आहे. देव, नाग, यक्ष, गंधर्व, असुर, गरुड, किन्नर आणि महोरग या नावांची ओळख आपल्याला वेगळी करून देण्याची गरज नाही. तिचा नायक शियाओ फेंग हान चिनी म्हणून वाढतो आणि आपण शत्रू मानलेल्या खितान जमातीत जन्मलो, हे त्याला मागाहून कळते. ज्या भाषेत वाढलो ती आपली, की ज्या रक्तातून आलो ते आपले, हा पेच त्याला सुटत नाही. दोन्ही बाजूंचे युद्ध थांबवून तो स्वतःचा अंत करून घेतो. १९६७ ते १९६९ या काळातील कादंबरीत सज्जनतेचा मुखवटा घातलेला युए बुचुन सत्तेसाठी वाटेल ते करतो. हे कोणा एका पुढाऱ्याचे चित्र नाही, असे लेखकाने पुढे स्पष्ट केले. तरी दक्षिण व्हिएतनामच्या संसदेत प्रतिपक्षाला दांभिक ठरवायचे झाले की ‘युए बुचुन’ म्हटले जाई, ही नोंदही त्यांनीच केली आहे. ‘हरिण आणि कढई’ या अखेरच्या मोठ्या कादंबरीचा नायक वेइ शियाओबाओ निरक्षर, थापाड्या, कुंटणखान्यात जन्मलेला. युद्धकलाही त्याला धड येत नाही. ही कथा लेखनावरील राजकोपाच्या एका खटल्यापासून सुरू होते आणि तिच्या प्रकरणांना शीर्षके आहेत ती चा शेनशिंग यांच्या काव्यपंक्तींची. घराण्याचे जुने दुःख नातवंडांच्या पिढ्यांनंतर असे लोकप्रिय कथेत उतरले.

१९७२ साली, कीर्तीच्या शिखरावर असताना, त्यांनी कादंबरीलेखन थांबवले. त्यानंतरची सुमारे दहा वर्षे त्यांनी आधी लिहिलेले तपासण्यात घालवली. रोजच्या घाईत राहिलेल्या विसंगती, सैल धागे, इतिहासाच्या चुका त्यांनी दूर केल्या आणि १५ कथा-कादंबऱ्यांचे ३६ खंड सिद्ध केले. पुढे, वयाच्या पंचाहत्तरीनंतर, त्यांनी हे सारे पुन्हा एकदा तपासले. रद्दीत जाणाऱ्या पानावरचा मजकूर टिकण्याच्या योग्यतेचा व्हावा, म्हणून केलेले हे कष्ट सामान्य वाचकाविषयीच्या आदराचेच द्योतक होत.

त्यांच्या पुस्तकांवर तैवानमध्ये बंदी होती आणि चीनमध्येही. तैवानने ती १९७९ साली उठवली. १९८१ साली देंग शियाओपिंग यांनी त्यांना बीजिंगमध्ये भेटीस बोलावले आणि त्या दशकात चीनमध्येही ही पुस्तके मोकळी झाली. त्यांचे राजकारण सर्वांना रुचले असे नाही. हाँगकाँगच्या मूलभूत कायद्याच्या मसुदा समितीत असताना १९८८ साली त्यांनी मांडलेली योजना लोकशाहीवाद्यांना फार सावध वाटली आणि विद्यार्थ्यांनी ‘मिंग पाओ’चे अंक जाळले. मात्र १९८९च्या मे महिन्यात बीजिंगमध्ये लष्करी कायदा पुकारला जाताच त्यांनी समितीचा राजीनामा दिला. पुढे त्यांनी दैनिकही विकले. १९९९ साली वांग शुओ या कादंबरीकाराने त्यांच्या लेखनाला उथळ ठरवले. तोवर विद्यापीठांत त्याचा अभ्यास सुरू झाला होता. वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, २०१० साली, केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी विद्यार्थी होऊन मिळवली. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी हाँगकाँगमध्ये त्यांचे निधन झाले.

तेव्हा सभासदहो, लोकप्रिय आणि श्रेष्ठ या दोन कपाटांमधली भिंत आपण समजतो तितकी पक्की नसते. वाचकांच्या हातांनी जीर्ण झालेले पुस्तक ग्रंथपालाने बांधणीसाठी बाजूला काढले, म्हणजे ते टाकाऊ ठरले असे नव्हे. ते पुन्हा मागितले जाणार आहे, एवढाच त्याचा अर्थ. शंभर वर्षे पुस्तके देणाऱ्या-घेणाऱ्या या संस्थेत तो अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये.