तराफ्याची जमीन

वेल्हे तालुक्याच्या, म्हणजे आता सरकारदरबारी राजगड तालुक्याच्या वरच्या अंगाला धरणाच्या कडेनं वसलेली गावं आहेत. एका काठाला उभं राहावं तर पलीकडच्या गावातल्या देवळाची घंटा ऐकू येते. पण रस्त्यानं तिकडं जायचं म्हटलं, की फुगवट्याला वळसा घालत, ओढे ओलांडत निम्मी सकाळ जाते. पानशेत, वरसगाव, गुंजवणी आणि भोरकडं भाटघर, नीरा देवघर. एवढं पाणी दोन तालुक्यांच्या खोऱ्यांत शिरलं आणि शेजारची गावं एकमेकांना लांब झाली. एकट्या भाटघरात साडेतेवीस टीएमसी पाणी मावतं. मग माणसं होडीनं जातात, लाँचनं जातात, नाहीतर पिंपांच्या तराफ्यानं जातात.

आज या तराफ्याविषयी बोलायचंय, आणि तेही सगळ्या तराफ्याविषयी नाही. पाय ठेवतो त्या जमिनीविषयी. बोटीवाले तिला डेक म्हणतात. जलक्रीडा केंद्रांत पाँटून बोट म्हणून जी मिरवते, ती मुळात आपल्या तराफ्याची सख्खी बहीण. अमेरिकेत मिनेसोटामधल्या अँब्रोज वीअर्स नावाच्या शेतकऱ्यानं 1951 च्या सुमाराला लोखंडी पिंपं एकापुढं एक जोडून दोन रांगा केल्या आणि वर लाकडी फळ्या ठोकल्या. तिथून पुढं तिकडचा हा सगळा धंदा उभा राहिला. फळ्या ठोकताना त्यानं जो विचार केला असेल, तोच आपल्याकडं तराफा बांधणारा करतो. वर काय टाकावं?

या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा दुकानात ठरतं, आणि तिथंच चुकतं. माझ्या माहितीतल्या एका तराफ्याला हौसेनं प्लायवूड टाकलं होतं. वरून झकास निळा रंग. पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या पावसाळ्यात, भातलावणीच्या दिवसांत, रोपांच्या मुठी डोक्यावर घेतलेल्या एका बाईचा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला. खरचटण्यावर भागलं. वरचा रंग तेव्हाही तसाच निळा होता. कुजलं होतं ते खालून.

पहिला हिशोब वजनाचा करू. पेन्सिल घ्या हवी तर. 200 लिटरची प्लास्टिकची 10 पिंपं घेतली. ती पूर्ण बुडाली तर 2000 किलो वजन उचलतील. पण पूर्ण बुडालेल्या पिंपांवर कोणी शहाणा माणूस बसत नाही. निम्मी पिंपं पाण्याबाहेर राहायला हवीत, म्हणजे हाताशी उरले 1000 किलो. त्यातून लोखंडी फ्रेमचे समजा 200 आणि पिंपांचे स्वतःचे 100 वजा करा. राहिले 700. या 700 किलोंत जमीनही आली आणि माणसंही आली.

8 फूट रुंद, 16 फूट लांब तराफा धरू. 18 मिलिमीटरच्या प्लायच्या चार शीटमध्ये तो झाकतो आणि वजन होतं साधारण 150 किलो. 70 किलोचा माणूस धरला तर 7 जण बसतात. त्याऐवजी 3 मिलिमीटरचा लोखंडी चेकर पत्रा टाकला तर तोच 300 किलो भरतो आणि 5 जणांवर गाडी अडते. ॲल्युमिनियमचा तेवढ्याच जाडीचा चेकर पत्रा 100 किलोत होतो, 8 जण जातात. म्हणजे लोखंडाऐवजी ॲल्युमिनियम घेतलं तर तीन माणसं जास्त, त्याच पिंपांवर. ॲल्युमिनियम महाग आहे, मान्य. पण लोखंडाच्या जमिनीसाठी पिंपं वाढवावी लागतात, पिंपांसाठी फ्रेम वाढवावी लागते, आणि त्या फ्रेमचं वजन पुन्हा पिंपांवरच येतं. शेवटी पैसे तेवढेच जातात.

तुम्ही म्हणाल, कुंभमेळ्यात पिंपांच्या पुलांवरून लाखो माणसं जातात, तिथं कुठं ॲल्युमिनियम असतं? 2025 ला प्रयागराजला असे 30 पूल बांधले होते, आणि त्यांच्या लोखंडी पिंपांवर साल वृक्षाची जाडजूड लाकडंच असतात. पण ते पूल जागचे हलत नाहीत, पिंपं प्रचंड मोठी असतात आणि मेळा संपला की सगळं सोडवून ठेवतात. आपला तराफा रोज वल्ह्यानं, बांबूनं नाहीतर छोट्या इंजिनानं हलवायचाय, आणि तो वर्षानुवर्षं पाण्यातच राहणार आहे.

आता प्लायकडं पुन्हा वळतो, कारण आपल्याकडं दहातल्या आठ लोकांची नजर तिथंच जाते. दुकानदार सांगतो, 'वॉटरप्रूफ आहे.' या शब्दावर जाऊ नका, शीटवरचा शिक्का बघा. आयएस 303 हा घरकामाच्या साध्या प्लायचा नंबर. बोटीच्या प्लायचा, म्हणजे मरीन प्लायचा नंबर आयएस 710. या प्लायचा तुकडा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून त्याचे थर सुटतात का ते बघतात. एवढं उकळूनही जो गोंद सुटत नाही, तो आपल्या पावसानंही सुटत नाही.

मग मरीन प्लाय घेतलं की काम झालं का? नाही. प्लाय सहसा मधून कुजत नाही, ते कडेनं कुजायला लागतं. सुतारानं शीट कापली की कड उघडी पडते. लाकडाच्या थरांची तोंडं तिथं असतात आणि ती वातीसारखी पाणी वर ओढतात. दुसरी जागा म्हणजे स्क्रूची भोकं. एका शीटला तीस-चाळीस भोकं पाडली, म्हणजे पाण्याला तीस-चाळीस दारं उघडून दिली. तेव्हा कापून झाल्यावर प्रत्येक कडेला इपॉक्सीचे निदान दोन हात द्या. भोक जरा मोठं पाडून त्यातही इपॉक्सी भरा आणि मग स्क्रू पिळा. स्क्रू स्टेनलेसचे घ्या, साधे चालणार नाहीत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, प्लाय फ्रेमवर चढवायच्या आधी खालची बाजू रंगवा. ती कोणी रंगवत नाही, कारण ती दिसत नाही. पाण्याची वाफ मात्र तिलाच दिवसरात्र लागते, आणि तिथं ऊन कधी पोचत नाही. त्या निळ्या तराफ्याचं हेच झालं होतं.

फ्रेमच्या आडव्या पट्ट्यांत दीड फुटाहून जास्त अंतर नको. 18 मिलिमीटरचं प्लाय त्यापुढं लवायला लागतं, आणि लवलेल्या जागी पाणी साचतं.

लाकडाच्या फळ्यांना लोक आता जुनाट म्हणतात. मला पटत नाही. कोकणातल्या होड्या साग, ऐन, फणसावर पिढ्यानपिढ्या उभ्या आहेत, आणि वर उंडीच्या तेलाचे हात. घाटावरही विहिरीच्या तळाला जांभळाचं लाकूड घालायची रीत होती, ते पाण्यात वर्षानुवर्षं टिकतं म्हणून. फळीचा मोठा गुण म्हणजे एक खराब झाली तर तेवढीच बदलता येते, आणि दोन फळ्यांत बोटभर फट ठेवली की पाऊस आपल्या वाटेनं खाली जातो. वजन जास्त, हे खरं. सागाच्या इंचभर जाड फळ्यांची आपली ही जमीन 200 किलोपर्यंत जाईल. आंब्याच्या फळ्या स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नका. आंबा पाण्यात टिकत नाही.

एक इशारा मात्र नीट ऐका. हल्ली वाळवी आणि बुरशीवर औषध मारलेलं हिरवट लाकूड मिळतं. त्या औषधात तांब्याचे क्षार असतात. फ्रेम ॲल्युमिनियमची असेल तर हे लाकूड तिच्यावर सरळ ठेवायचं नाही. ओल लागली की तांबं ॲल्युमिनियमला खातं, पांढरी भुकटी सुटते, पुढं छिद्रं पडतात. लोखंडी फ्रेमवर ॲल्युमिनियमचा पत्रा टाकतानाही मध्ये रबराची पट्टी हवी आणि बोल्टला नायलॉनचे वायसर हवेत. दोन वेगळे धातू ओले होऊन एकमेकांना भिडले की त्यातला एक झिजायला लागतो. गोड्या पाण्यात हे समुद्राएवढं झपाट्यानं होत नाही, पण होतं.

आता जाळी. फायबरची, म्हणजे एफआरपीची पिवळी किंवा करडी जाळी तुम्ही कारखान्यांच्या सांडपाणी प्रकल्पात चालायच्या वाटेवर पाहिली असेल. गंजत नाही, कुजत नाही, पाणी धरत नाही, वर खडबडीत दाणे असतात त्यामुळं पाय घसरत नाही. वजन प्लायएवढंच. माणसांच्या तराफ्याला याहून चांगलं काही नाही, असं मी म्हणेन. पण आपल्या तराफ्यावर माणसं एकटी कुठं जातात? शेरडं असतात, कधी गाय असते. आणि गुरं जाळीवर पाय ठेवत नाहीत. खाली पाणी हलताना दिसतं, खूर अडकायची भीती वाटते, ती जागीच पाय रोवून उभी राहतात. परदेशात तर कुरणाच्या दारात गुरं अडवायलाच अशा जाळ्या टाकतात. तेव्हा जनावरं न्यायची असतील तर निम्म्या भागात जाळी आणि निम्म्यात फळ्या ठेवा, नाहीतर जाळीवर अंथरायला जाड रबराची मॅट ठेवा. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर खुरांचा आवाज होतो, त्यालाही शेळ्या बिचकतात. मॅटनं तेही भागतं.

मोटारसायकलचं काय? तिचा साइड स्टँड म्हणजे सगळ्या गाडीचा भार रुपयाएवढ्या जागेवर. प्लायला तिथं खड्डा पडतो, रंग उडतो आणि पाणी आत शिरतं. एक हातभर फळी तराफ्यावर दोरीनं बांधून ठेवा आणि गाडी लावताना ती स्टँडखाली सरकवा. पाच पैशांचा खर्च नाही.

पर्यटकांच्या बोटींची गोष्ट निराळी. तिथं अनवाणी पाय, खुर्च्या, फोटो. मरीन प्लायवर विणलेलं व्हिनाइल किंवा सागासारखा दिसणारा ईव्हीए फोम चिकटवतात. पायाला मऊ, घसरत नाही, छान दिसतं. फक्त गडद रंग घेऊ नका. एप्रिलमध्ये दुपारी त्यावर अनवाणी उभं राहून बघा, मग मला सांगा. ॲल्युमिनियमलाही हीच खोड आहे.

आणि कार्पेट. ते मात्र नको, कुठंच नको. चौरस मीटरभर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, एक किलो. भिजलेल्या कार्पेटनं चौरस मीटरला पाच लिटर पाणी धरलं, तर आपल्या तराफ्यावर 60 किलो वाढले. एक माणूस फुकट प्रवास करतोय आणि उतरतही नाही! शिवाय चार महिन्यांच्या पावसात खालचं प्लाय ते कधी वाळूच देत नाही. न्हाणीघरात लावतात तशा गुळगुळीत फरश्या लावलेलाही एक तराफा मी पाहिलाय. त्यावर काही बोलत नाही.

घसरण्याचा विषय हसण्यावारी नेऊ नका. 21 मे 2024 ला उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडं निघालेली बोट वादळात उलटली आणि 6 जण गेले. ते वादळाचं काम होतं. पण आपल्या खोऱ्यांतही वळवाचा वारा असाच अचानक उतरतो, आणि तराफा कलला की ओल्या, शेवाळलेल्या जमिनीवर सगळी माणसं एका बाजूला घरंगळतात. मग पिंपांचा हिशोब कामाला येत नाही. म्हणून रंगाचा हात ओला असतानाच त्यावर चाळलेली बारीक वाळू भुरभुरवा, वाळल्यावर सुटी वाळू झाडून टाका आणि वर एक पातळ हात मारा. दोन वर्षांनी हेच पुन्हा करा. लाइफ जॅकेट तर हवंच. आणि इंजिन बसवलं असेल तर 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणं नोंदणीही लागते.

मला विचाराल तर गावाच्या रोजच्या तराफ्याला वर्गणी जमत असेल तर ॲल्युमिनियमचा चेकर पत्रा आणि वर मॅट. जनावरं जात नसतील तर फायबरची जाळी. हात आखडता असेल तर 710 नंबरचं प्लाय, पण कडांना आणि खालच्या बाजूला कंजुषी न करता. आणि गावात चांगला सुतार असेल, सागाच्या जुन्या फळ्या कुणाच्या पडक्या वाड्यातून मिळत असतील, तर त्यांना नाही म्हणू नका.

ज्यांचा तराफा आधीच पाण्यात आहे, त्यांच्यासाठी एक काम. मे महिन्यात पाणी खाली जातं, तराफा काठाच्या मुरुमावर टेकतो. त्या दिवशी टोच्या घेऊन त्याच्या खाली शिरा आणि हरेक फळी, हरेक शीट खालून टोचून बघा. जिथं टोच्या लोण्यात शिरल्यासारखा आत गेला तिथं खडूनं फुली मारा, आणि ती जागा मृगाच्या आधी बदला.