शिष्यवृत्तीचा पैसा आणि संगणकाची रात्रपाळी

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अध्यक्षांनी मला बँकेच्या व्यवहारावर बोलायला सांगितले आहे. मी कला शाखेचा पदवीधर. संगणकाचे शिक्षण घेतलेले नाही; जे कळते ते काउंटरच्या आत बसून कळलेले आहे. पण काउंटरच्या बाहेरून मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे, "काका, माझी स्कॉलरशिप आली का?" त्या प्रश्नाचे उत्तर ज्या यंत्रणेच्या पोटात असते, तिच्याविषयीच बोलतो.

ही शिष्यवृत्ती आपल्याला कोणी दानात दिलेली नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि आपल्या मुलांच्या उच्च शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा अशी लेखी मागणी त्यांनी सरकारकडे केली होती. पुढे अनेक वर्षे हा पैसा कॉलेजच्या ऑफिसातून मिळत असे. आज अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो, आणि २०२१-२२ पासून केंद्राचा ६० टक्के वाटा, राज्याने आपला ४० टक्के वाटा दिल्यानंतर, थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतो. म्हणजे एकाच शिष्यवृत्तीचे दोन वाटे दोन वेगवेगळ्या दिवशी येतात. "अर्धीच आली" म्हणून घाबरून धावत येणारी मुले मी पाहिली आहेत. ती अर्धी आलेली नसते, दुसरा वाटा अजून वाटेत असतो.

ही वाट कशी आहे ते पाहू. कॉलेजने अर्ज पुढे पाठवायचा, समाजकल्याण कार्यालयाने मंजूर करायचा, मग पैसे देण्याच्या नावांची यादी तयार होते. ती यादी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे, म्हणजे एनपीसीआयकडे जाते. तिथे आधार क्रमांकावरून कोणता विद्यार्थी कोणत्या बँकेचा हे ठरते आणि यादीचे बँकवार तुकडे होतात. प्रत्येक बँकेचा मुख्य संगणक आपला तुकडा घेऊन खात्यांत रकमा जमा करतो. ज्या जमा झाल्या नाहीत त्यांची कारणांसह उलट यादी त्याच वाटेने परत जाते. या सगळ्या साखळीला संगणकवाले 'डेटा पाइपलाइन' म्हणतात. आपल्या जिल्ह्यात समजावून सांगायचे तर हा कालवा आहे. पैठणहून निघालेले पाणी उजव्या कालव्याने माजलगावपर्यंत येते, पुढे चाऱ्या, पोटचाऱ्या, आणि शेवटी तुमचे वाफे. प्रत्येक ठिकाणी एक दार आहे, आणि दार उघडायची पाळी ठरलेली आहे.

ही दारे उघडायला कोणी माणूस बसलेला नसतो. पूर्वी शाखेत दिवस संपला की आम्ही व्हाउचरची चळत घेऊन बसायचो, स्क्रोल जुळवायचो, दोन रुपयांचा फरक निघाला तर रात्री नऊपर्यंत शोधायचो. आज ते काम मुख्य संगणक रात्री करतो. त्याच्याकडे वेळापत्रक असते: अमुक वाजता यादी उचल, मग तपास, मग जमा कर, मग उलट यादी पाठव. युनिक्स नावाच्या प्रणालीत १९७० च्या दशकापासून 'क्रॉन' नावाचा छोटासा प्रोग्राम आहे, तो फक्त घड्याळ पाहून काम सुरू करतो. तुमच्यापैकी जे संगणकशास्त्र शिकत आहेत त्यांनी 'एअरफ्लो'चे नाव ऐकले असेल. एअरबीएनबी या कंपनीत २०१४ साली तो तयार झाला. तो घड्याळाबरोबर आधीचे काम पुरे झाले की नाही हेही पाहतो.

हा फरक लहान वाटतो, पण सगळे त्यातच आहे. समजा, यादी रात्री दोनला उचलायची असे ठरले आहे आणि वरून यादी तीनला आली. नुसते घड्याळ पाहणारा कारकून दोन वाजता रिकामी पेटी उघडेल, त्यात शून्य नावे सापडतील, शून्य नावांचे पैसे बिनचूक जमा करील आणि 'काम यशस्वी' असा शेरा मारून झोपी जाईल. चूक कुठेच नोंदली जाणार नाही. म्हणून चांगली यंत्रणा बांधणारे वेळेपेक्षा कारणाला महत्त्व देतात: हे झाले तरच ते करायचे. प्रतीत्यसमुत्पाद ऐकलेल्या आपल्या लोकांना हे नवीन वाटू नये. (भन्तेजी, उदाहरण फारच व्यवहारी झाले असल्यास क्षमा असावी.) दुसरी काळजी अशी की तेच काम चुकून दोनदा चालले तर पैसे दोनदा जाऊ नयेत. त्यासाठी प्रत्येक नावाला स्वतंत्र संदर्भ क्रमांक असतो. तो क्रमांक पूर्वी येऊन गेला असेल तर यंत्र त्याला दारातच अडवते.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे इशारा, ज्याला इंग्रजीत अलर्ट म्हणतात. काम अडले तर यंत्राने कोणाला तरी उठवले पाहिजे. काम अडल्यावर तर सांगावेच, पण यायची ती यादी आलीच नाही तरी सांगावे. पाटकरी गावात आला नाही, हीसुद्धा बातमीच असते.

एवढे करूनही यंत्रणा कोसळते. जून २०१२ मध्ये ब्रिटनच्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या समूहात रात्रीची कामे ओळीने लावणाऱ्या सॉफ्टवेअरची सुधारणा बिघडली. एका रात्रीची कामे दुसऱ्या रात्रीवर चढली आणि ६५ लाखांहून अधिक ग्राहकांना त्याचा फटका बसला. कोणाचा पगार दिसेना, कोणाचे हप्ते जाईनात. नोव्हेंबर २०१४ मध्ये नियामकांनी त्या बँकांना ५ कोटी ६० लाख पौंड दंड केला. हे श्रीमंत देशात झाले, तेव्हा आपण उगाच न्यूनगंड बाळगू नये.

आता आपल्या वस्तीची गोष्ट. नाव सांगत नाही. एक मुलगी आठ महिने माझ्याकडे येत होती. पोर्टलवर 'रक्कम वितरित' असे दिसे आणि पासबुकात काही नसे. कॉलेजने फीसाठी तगादा लावला, आईने व्याजाने पैसे काढले. मीही सुरुवातीला तिला "येईल, येईल" असेच सांगत होतो, हे कबूल करतो. शेवटी आधार कुठे जोडलेला आहे ते तपासले, तर तो दुसऱ्याच बँकेच्या, कधीकाळी शिबिरात उघडलेल्या शून्य शिल्लक खात्याला! पैसे पहिल्याच आठवड्यात तिथे जमा झालेले होते. आधार ज्या बँकेशी शेवटी जोडला त्या बँकेत पैसा जातो. अर्जात तुम्ही कोणता खाते क्रमांक लिहिला याला तिथे किंमत नाही. यंत्राने आपले काम चोख केले होते. इशाराही दिला होता. तो एसएमएस तिच्या वडिलांच्या जुन्या नंबरवर गेला होता, आणि वडील कारखान्यावर ऊसतोडीला.

मित्रहो, मला अस्वस्थ करते ते हे. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातील हजारो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तिकडे नवे सिम घेतात, जुने बंद पडते. ९० दिवस वापर नाही आणि खात्यात पुरेशी शिल्लकही नाही, तर कंपनी नंबर बंद करू शकते आणि काही काळाने तो दुसऱ्याला देऊ शकते. मग आपल्या मुलीच्या शिष्यवृत्तीचा निरोप कोणा परक्याच्या खिशात वाजतो. साखळीतल्या सगळ्या कड्या पोलादी, आणि शेवटची कडी एक बंद पडलेले सिम.

दुसरीकडे ज्यांचा नंबर चालू आहे त्यांना दिवसाला वीस जाहिराती येतात, त्यात बँकेचा एक निरोप कोण वाचतो? तो वाचायचा. खात्यातून न केलेला व्यवहार दिसला तर तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवायचे; चूक तुमची किंवा बँकेची नसून तिऱ्हाइताची असेल तर तुमच्यावर नुकसान पडत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे. आणखी एक: सरकारी योजनेच्या लाभासाठी उघडलेले शून्य शिल्लक खाते दोन वर्षे व्यवहार नाही एवढ्यावरून निष्क्रिय ठरवू नये, असे रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२४ पासून सांगितले आहे. कोणी तसे कारण सांगून परत पाठवले तर हे नम्रपणे दाखवून द्या.

माझी संस्थेला एक सूचना आहे. आपल्याकडे वर्गणीची वही आहे, तशीच एक शिष्यवृत्तीची वही असावी. विद्यार्थ्याचे नाव, अर्जाची तारीख, आधार कोणत्या बँकेला जोडला आहे, आणि गावात कायम राहणाऱ्या एका नातेवाइकाचा नंबर. आधार क्रमांक मात्र वहीत लिहू नये. पौर्णिमेला वंदना झाल्यावर वही उघडायची. ज्याच्या नावापुढे ठरल्या महिन्यात 'जमा' लिहिले गेले नाही, त्याच्या घरी दोघांनी जायचे. कोण जाणार त्यांची नावे आधीच ठरलेली असावीत. 'कोणीतरी जाईल' असे म्हटले की कोणीच जात नाही, हा माझा बँकेतला अनुभव आहे.

वही मी आणली आहे. जेवणानंतर मागच्या खोलीत बसतो. पासबुक, आधार कार्ड आणि मोबाईल घेऊन या. आधार कुठे जोडला आहे ते तिथल्या तिथे यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर पाहू. ज्यांचे आई-वडील कारखान्यावर आहेत त्यांना आधी घेऊ. जयभीम.