कुरकुर पोलिसांची, नुकसान बाईचं

मैत्रिणींनो, ब्रिटनमध्ये १९१९ च्या कायद्याने पोलिसांना युनियनमध्ये जायला बंदी केली. उरली ती कुरकुर : रद्द झालेली रजा, लांबलेली पाळी, कागदपत्रांचा ढीग. आपल्याला काय त्याचं, असं वाटेल. पण लंडन पोलिसांवरचा लुईस केसी यांचा २०२३ चा अहवाल पाहा. बलात्काराच्या तपासाचे नमुने ठेवायचे फ्रीज इतके खच्चून भरलेले, की एकाचं दार लावायला तीन पोलीस लागत. २०२२ च्या उन्हाळ्यात एक फ्रीज बंद पडला, आतला पुरावा वाया गेला. याच अहवालाने हे दल स्त्रीद्वेष्टं ठरवलं. म्हणून साधनं आणि वृत्ती, दोन्हींचा जाब आपण एकदमच विचारायला हवा.