आमच्या गोष्टीतला कीचक

सेमाडोहहून आम्ही बोलतो आहोत. गटाची बैठक आटोपून बसला असाल, कोणी तांदूळ निवडत असेल, कोणी लेकराला थोपटत असेल, तर हातातलं काम चालू ठेवूनच ऐका.

आज राक्षसाबद्दल बोलायचं आहे. गोष्टीसाठी राक्षस निवडायचा कसा, याबद्दल.

आम्ही रेडिओसाठी एक गोष्ट तयार करत आहोत. ऐकणारीनं वाट ठरवायची गोष्ट. भाग ऐन रंगात आला की गोष्ट थांबते. गोष्टीतली बाई फाट्यावर उभी असते आणि सांगणारी तुम्हाला विचारते, आता हिनं काय करावं? मग तुमच्या गटानं आपसात बोलायचं, हात वर करून ठरवायचं आणि बाजाराच्या दिवशी निरोप पोचवायचा. ज्या वाटेनं जास्त गट गेले, ती वाट पुढच्या भागात. फोनची रेंज आपल्याकडे कशी आहे ते तुम्हाला सांगायला नको, म्हणून बाजारचा निरोप. शहरात याला इंटरॅक्टिव्ह स्टोरी म्हणतात, पोरं मोबाईलवर बोटानं वाट निवडतात. आपल्याकडे दंडार पाहताना लोक मधूनच ओरडून पात्राला शहाणपण शिकवतात, त्यातलाच हा प्रकार समजा.

अशा गोष्टीत दुष्ट लागतोच. आणि तो आधीपासून माहितीतला असला तर फार बरं पडतं. कारण वाट तुम्हाला निवडायची आहे. समोरचा काय करू शकतो हे ठाऊक नसेल, तर निवडणार कशी? नवा राक्षस आणला तर त्याचे दात किती, तो खातो काय, हे सांगण्यातच अर्धा भाग संपतो. नावाजलेला राक्षस मात्र आपली कीर्ती सोबत घेऊनच येतो.

पहिलं नाव एका कॉलेजातल्या पोरीनं घेतलं, तात्या विंचू. सगळ्या हसल्या, कारण ‘झपाटलेला’तला तो बाहुला कोणी पाहिला नाही? पण तात्या विंचू हा 1993 सालच्या सिनेमातला आहे. तो कोणीतरी घडवला, त्याचा हक्क मालकाकडे आहे. आपल्या देशाचा कॉपीराइट कायदा 1957 चा. त्याप्रमाणे लेखकाचं लिखाण तो असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं त्याचं, त्याच्या वारसांचं राहतं. सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर 60 वर्षं. ती मुदत संपली की गोष्ट सगळ्यांची होते, गावच्या विहिरीसारखी. ज्याला तहान त्यानं पोहरा सोडावा.

मग त्याच पोरीनं परदेशी नावं काढली. फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस 1818 सालच्या पुस्तकातला. मेरी शेली नावाच्या बाईनं तो लिहायला घेतला तेव्हा ती अवघी अठरा वर्षांची होती, हे ऐकून आम्हाला फार बरं वाटलं. ड्रॅक्युला 1897 चा. लिहिणारे ब्रॅम स्टोकर 1912 मध्ये वारले. म्हणजे दोघेही आज मोकळे. ड्रॅक्युलाची एक हकीकत ऐकण्यासारखी आहे. 1922 मध्ये जर्मनीत त्याच्यावरून सिनेमा निघाला. परवानगी घेतली नव्हती, नुसतं नाव बदलून नोस्फेरातू केलं होतं. स्टोकरबाई, म्हणजे लेखकाची विधवा, कोर्टात गेल्या आणि कोर्टानं त्या सिनेमाच्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. काही प्रती वाचल्या म्हणून तो आज पाहायला मिळतो. नाव बदलल्यानं चोरी लपत नाही. पण मोकळा असला तरी ड्रॅक्युला इथे काय करणार? आमच्या एका मावशीनं विचारलं, “रक्तच प्यायचं तर त्याले जळवा नाही भेटल्या काय?” तो विषय तिथेच संपला.

मग साहजिकच रावण आला. सगळ्यांना माहीत, कोणाच्या मालकीचा नाही, दहा तोंडं असल्यानं रेडिओवर आवाजही दणदणीत. पाच-सहा हात वर गेले. तेव्हा आमच्यातली एक कोरकू बाई, बैठकीत फारसं न बोलणारी, म्हणाली, “आमच्या रावनाले तुमी राक्षस काऊन म्हनता?”

मैत्रिणींनो, मेळघाटात राहून हे विसरता येत नाही. कोरकूंच्या जन्मकथेत रावणाचा वाटा आहे. सातपुडा आणि विंध्याचं रान माणसांविना ओसाड पाहून रावणानंच महादेवाला विनवलं, की इथे माणसं असू देत. महादेवानं कावळ्याला लाल माती शोधायला पाठवलं. त्या मातीचे बाई आणि पुरुष असे दोन पुतळे केले. इंद्राच्या घोड्यांनी ते तुडवले, तेव्हा महादेवानं आधी राखणीला कुत्रा केला आणि मग पुन्हा पुतळे घडवले. ते मूला आणि मूलई, कोरकूंचे पहिले आईबाप. रावणाचा पोरगा मेघनाथ, त्याची होळीच्या सुमारास पूजा होते, जत्रा भरते. आता सांगा, ज्याच्या विनवणीनं आपण जन्मलो त्याला रेडिओवर दुष्ट म्हणून बोलताना ती बाई कशी ऐकेल? तिनं आपल्या नातवाला काय सांगायचं?

कायद्यानं रावण सगळ्यांचा आहे, हे खरं. पण तसं असलं तरी त्याला वाटेल तसं वापरायला आपण मोकळे नाही, असं आमचं मत पडलं. कोर्ट विचारणार नाही, शेजारीण विचारेल. बैठकीत ती होती म्हणून विचारलं गेलं. ती नसती तर रावण ठरून गेला असता. म्हणून तुम्ही अशी गोष्ट करायला घ्याल तेव्हा राक्षसाचं नाव ठरवताना गावातल्या प्रत्येक जातीजमातीची एक तरी बाई बसलेली असू द्या. कोरकू, गोंड, गवळी, बलई, जी कोणी असेल ती.

डाकिणीचंही नाव आलं होतं. त्यावर चर्चा थोडीच झाली, पण कडक झाली. रावण कोणाच्या दारात उभा राहत नाही, पण डाकीण म्हटलं की लोक गावातलं घर दाखवतात. बहुतेक वेळा ते एकट्या राहणाऱ्या म्हातारीचं असतं, नाहीतर थोडी जमीन नावावर असलेल्या विधवेचं. आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा 2013 मध्ये झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचा खून झाला. एखादीला करणी करणारी ठरवून त्रास दिला तर त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. असा कायदा असताना आपणच रेडिओवरून डाकीण घरोघर पोचवायची, हे आम्हाला पटलं नाही. वाघाचंही तेच. 1974 पासून इथे व्याघ्र प्रकल्प आहे, देशातल्या पहिल्या नऊपैकी एक. वाघाशी आपलं नातं भीतीचं आहे, रागाचं आहे आणि पोटापाण्याचंही आहे. त्याला राक्षस केलं की ते सगळं एका रंगात बुडतं.

शेवटी आमच्याच डोंगरातला राक्षस निघाला. कीचक.

खरं म्हणजे कीचक राक्षस नव्हे, माणूसच. विराट राजाचा मेहुणा आणि सेनापती. पांडव अज्ञातवासात नावं बदलून विराटाच्या घरी राहिले, तेव्हा द्रौपदी सैरंध्री होऊन राणी सुदेष्णेची दासी झाली. कीचकाची तिच्यावर नजर गेली. पुढे भीमानं त्याला मारलं आणि दरीत फेकलं, ती कीचकाची दरी, तेच आपलं चिखलदरा, असं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात. भीमानं हात धुतले ते भीमकुंड दाखवतात. जवळचं वैराट म्हणजे विराटाची नगरी म्हणतात. अभ्यासक विराटाचा मत्स्यदेश राजस्थानात, जयपूरकडच्या बैराटला दाखवतात. असू द्या. सगळ्यांच्या मालकीच्या गोष्टीचं असंच असतं, दोन गावं एकच राक्षस आपला म्हणू शकतात आणि भांडण होत नाही.

आणि कीचकाला गोष्टीत आणून मोठं काम करून घेणारे आपल्याआधी होऊन गेले आहेत. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘कीचकवध’ हे नाटक लिहिलं, 1907 मध्ये ते रंगभूमीवर आलं. कीचक दिसला की लोकांना लॉर्ड कर्झन दिसायचा, सैरंध्रीत देश दिसायचा, धर्मराजात मवाळ आणि भीमात जहाल. नाटकात कर्झनचं नाव कुठेही नाही. तरी इंग्रज सरकारला कळायचं ते कळलं आणि 1910 मध्ये त्यांनी नाटकावर बंदी घातली. महाभारतातल्या माणसावर हक्क कोण सांगणार? म्हणूनच तो खाडिलकरांना मिळाला आणि आज आपल्यालाही मिळतो. फक्त एक सांभाळायचं, मूळ कथा मोकळी असली तरी टीव्हीवरच्या महाभारताचे संवाद, त्यातलं संगीत मोकळं नाही. आपण आपल्या शब्दांत सांगायचं.

खाडिलकरांकडून आम्ही एक गोष्ट उचलली. आमचा कीचक विराटाच्या वाड्यातच राहतो. त्याला ठेकेदार करा, साहेब करा, अशा सूचना आल्या होत्या. पण तसं केलं की ऐकणाऱ्या नेमका कोणता ठेकेदार ते शोधत बसतील, आणि एखादी उगाच अडचणीत येईल. मुकुट घातलेला कीचक बरा. ज्याला ओळखायचा तो ओळखेल.

वाटा लिहायला बसलो तेव्हा कळलं, की या कथेत कीचकापेक्षा भोवतालचीच माणसं मोठी आहेत. राणी सगळं जाणून असते, तरी सुरा आणायचं निमित्त करून सैरंध्रीला भावाच्या घरी धाडते. सैरंध्री तिथून निसटून भर सभेत धावत येते, कीचक राजासमोर तिला लाथ मारतो, आणि राजा त्याला काही म्हणत नाही, कारण सैन्य मेहुण्याच्या हातात. तिचा नवरा कंक नावानं तिथेच बसलेला, तो तिला आत जायला सांगतो. कीचक मेल्यावरही सुटका नाही. त्याचे भाऊ तिला त्याच्या प्रेताबरोबर जाळायला निघतात. त्यातून वाचली, तर राजा म्हणतो, तू आता इथून जा, लोक घाबरतात. आळ येतो तो तिच्यावरच. ती आणखी तेरा दिवसांची मुदत मागते. हे तेरा दिवस आमच्या बायांच्या फार मनाला लागले.

भीमाचं काय करायचं, यावर दोन बैठका गेल्या. भीम हाताशी असला तर सगळ्या वाटा त्याच्याकडेच जातील आणि तुम्हाला निवडायला काही उरणार नाही. एकजण म्हणाली, “आमचा भीम तं दिवाळीनंतर खाली कामाले गेला, होळीले येईन.” म्हणून आमच्या गोष्टीत बल्लव आचारी सैन्याबरोबर स्वयंपाकाला दूर गेलेला आहे. परत येतो की नाही, ते तुमच्या निवडीवर.

प्रत्येक फाट्याला तीन वाटा आणि असे चार फाटे धरले, तर 81 शेवट होतात. एवढं लिहायला आमच्याकडे रॉकेल नाही. म्हणून काही वाटा पुढे एकमेकींना मिळतात, सिपन्याला नाले मिळतात तशा. मात्र वाट वेगळी असली की सोबत आलेली माणसं वेगळी असतात, एवढा फरक आम्ही जपला आहे.

भाग संपल्यावर दोन मिनिटं आजचं बोलणं असेल. सैरंध्री घरकाम करणारी बाई. आज तिच्यासाठी 2013 चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे, त्यात घरकामवाल्या आणि शेतात राबणाऱ्याही येतात. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. लिहिता येत नसेल तर लिहून घेण्यासाठी मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. महिलांसाठी 181 हा फोन आहे. सुदेष्णेसारख्या मालकिणीनं जाणूनबुजून धाडलं असेल तर ते तक्रारीत लिहा, गाळू नका.

आता पहिला फाटा. संध्याकाळ झाली आहे. राणीनं सोन्याचं भांडं सैरंध्रीच्या हातात दिलं आणि म्हणाली, भावाकडून सुरा घेऊन ये. सैरंध्रीला सगळं समजलं आहे. अंगणात दोन दासी दळण दळत आहेत, दारावर म्हातारा पहारेकरी आहे. पहिली वाट, तिनं राणीला तोंडावर नाही म्हणावं. दुसरी वाट, दळणाऱ्या दोघींना सोबत घेऊन तिघींनी जावं. तिसरी वाट, भांडं पहारेकऱ्याच्या हाती देऊन तिनं थेट राजाकडे जावं. गटात बोला, भांडा, हात मोजा. निरोप येत्या बाजाराला आमच्यापर्यंत पोचू द्या.